सोललेलं अंडं

राळेगावकडचा तो शेतकरी आमच्या वॉर्डात सगळ्यांचा लाडका. पायाच्या जखमेने भरती झालेल्या म्हाताऱ्या मायचे केस विंचरतो, पाण्याचा पेलासुद्धा तिला उचलू देत नाही. घरी तुरीची पोती आहेत, पण मायला वरण बंद.

"डाळीनं पू होते जी, सूज चढते."

तिला चहा-बिस्किट. दवाखान्याचं उकडलेलं अंडं तो हळुवार सोलतो, मीठ लावतो आणि स्वतःच खातो.

"मायले गरम पडते. वाया कायले घालवायचं?"

म्हाताऱ्यांच्या आहारावरचं आमचं पत्रक मी त्याला दिलं. त्याने ते कपाळाला लावलं आणि त्यावर बिस्किटं ठेवली.

मी भडकले. "दादा, जखम भरायला, पायांत ताकद यायला डाळ-अंडंच लागतं!"

"ताई, तुमी अजून लेकरू आहा."

माय एकच म्हणते, "मले माह्या पायानं घरी जाऊ द्या." काल डॉक्टरांनी तिला उभं करायला सांगितलं. तिचे पाय लटपटले आणि ती कोसळली. त्याने तिला एका हाताने अलगद झेललं, निजवलं. मग डोळे पुसत माझ्याकडे वळला.

"पाह्यलं ताई? इतकी अशक्त आहे माय, अन् तुमी म्हणता वरण चारा!"