उनकेश्वरचं पाणी आणि अव्वाचा डावा हात

"आईला गरम पाण्याच्या कुंडावर न्यायचंय, कुठलं निवडू?" असं एका वाचक मैत्रिणीने गेल्या आठवड्यात विचारलं. बाई गं, मी आयुष्यात एकाच कुंडावर गेले आहे, तेही सत्तरच्या दशकात, सोलापूरहून एसटीने. त्यामुळे माझं कितपत ऐकायचं ते तुझं तू ठरव. मात्र कुंड निवडताना आमच्या घरात जेवढा खल झाला, तेवढा पुढे माझ्या लग्नाच्या वेळीही झाला नाही.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमचं पेठेत छोटं किराणा दुकान आणि त्याच्या मागेच घर. अप्पा दुकान बघायचे आणि माझी आई, म्हणजे अव्वा, शेंगाचटणी कुटायची. आधी घरापुरतीच. मग एका गिऱ्हाइकाने चव घेतली, दुसऱ्याने मागितली आणि बघता बघता गल्ल्याशेजारी चटणीची मोठी बरणी येऊन बसली. त्याच वर्षी अव्वाच्या डाव्या हाताला इसब झालं. बोटांची टोकं आणि तळवा लालभडक, भेगा पडलेल्या, कधी कधी त्यातून पाणी सुटायचं. डॉक्टरचं मलम झालं, वैद्याचा लेप झाला. रात्री झोपताना ती स्वतः लसूण घालून कढवलेलं तेल चोळायची, कारण तिच्या आईने तिला तेवढं एकच औषध शिकवलं होतं.

आम्ही लिंगायत. गळ्यातलं लिंग रोज आंघोळीनंतर डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, बेल वाहायचा आणि एकटक बघत बसायचं, ही अव्वाची पूजा. हात असा झाल्यावर तिने लिंग पितळेच्या ताटलीत ठेवायला सुरुवात केली. मला वाटलं, चला, सोय झाली. एकदा मी तसं बोलूनही गेले.

"सोय काय गं," ती म्हणाली. "वरीस झालं, मला त्याचं वजन लागलं न्हाय. ताटलीला काय कळतंय?"

ती तोंड फिरवून ताटली पुसायला लागली. त्याच संध्याकाळी मी वहीत गरम पाण्याच्या झऱ्यांची नावं लिहायला घेतली.

तीन नावं झाली. पहिलं वज्रेश्वरी. अप्पा म्हणाले, "ते मुंबईकडं. तितं आपल्याला कोण विचारतंय?" दुसरं कोकणातलं राजापूर. पण अव्वाला घाट लागायचा. बसमध्ये बसल्या बसल्या तिचा चेहरा पांढऱ्या फडक्यासारखा व्हायचा, त्यामुळे तेही बाद. तिसरं नाव दिलं शेजारच्या नरसम्माने. ती दारात सूप घेऊन विड्या वळत बसायची, आणि सगळ्या गल्लीचं बोलणं तिच्या कानावरून जायचं.

"उनकेश्वरला जावा की," ती म्हणाली. "आमची अक्का आदिलाबादला ऱ्हाती. तिच्या पोराचं अंग सगळं फुटलेलं. पैनगंगेजवळ हाय बघा, हिकडं तुमचा महाराष्ट्र, तिकडं आमचा आंध्र. पाणी दोघांना बी चालतंय."

अप्पांनी विचारलं, "देव कुठला तितला?"

"शंकर."

मग संपलंच. अप्पांनी माझी वही मिटली. मी नकाशा काढून अंतरं मोजली होती, कुठे काय खर्च येईल त्याचा अंदाज लिहिला होता, आणि निर्णय झाला एका शब्दावर. मला राग आला, पण तो अव्वाचं तोंड बघेपर्यंतच टिकला. कितीतरी महिन्यांनी ती हसत होती.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उरकली आणि आम्ही निघालो. दुकान चुलतकाकांवर सोपवलं. सकाळची लातूरची एसटी, तुळजापूर, औसा करत. खिडकीला काच नव्हती, थंडी मात्र भरपूर. अव्वाने मफलर कानाला गुंडाळला आणि डावा हात पदराखाली घेतला. तो हात ती चारचौघांत बाहेर काढत नसे. लातूरला गाडी बदलायची. स्टँडवरचा चहा गोड पाकासारखा होता, भजी मात्र झकास. बरोबर कडक भाकरी होत्या आणि चटणी, त्यामुळे जेवणासाठी एक पैसाही द्यावा लागला नाही. पुढे नांदेडपर्यंतचा रस्ता इतका खडबडीत, की अप्पा प्रत्येक खड्ड्याला "शिव शिव" म्हणत होते आणि अहमदपूर यायच्या आत मी मोजणं सोडून दिलं. नांदेडला मुक्काम धर्मशाळेत.

दुसऱ्या दिवशी मीटरगेजची गाडी. तुम्ही कुणी त्या गाडीत बसला असाल तर तिच्या चालीबद्दल मी वेगळं काही सांगायला नको. मुदखेड, भोकर, हिमायतनगर. शेतं मागे पडली आणि सागाचं जंगल सुरू झालं. आम्ही सोलापूरची माणसं, बाभळीलाच झाड म्हणणारी! अप्पा खिडकी सोडेनात. डब्यात अर्धी माणसं मराठी, अर्धी तेलुगू बोलत होती आणि तंबाखूची देवाणघेवाण दोन्हींत चालली होती. किनवटला उतरून पुढची बस मिळायला तीन तास लागले. त्या वेळी दिवसाला दोनच बस होत्या, हे ध्यानात ठेवा.

उनकेश्वर म्हणजे जुनं दगडी देऊळ, झाडी आणि वाफ निघणारं कुंड. गंधकाचा वास आधी नाकात शिरतो, मग डोळ्यांना कुंड दिसतं. कुंडाच्या पायरीवर आदिलाबादकडची एक म्हातारी बसली होती. ती आमच्याकडे बघून मोठ्याने म्हणाली, "वेडी नीळ्ळु! वेडी!"

अप्पा ताठ झाले. "वेडी कुणाला म्हणती ही?"

अव्वा तेलुगू नरसम्माच्या शेजारात पंधरा वर्षं काढलेली. ती खळखळून हसली. "अवो, गरम पाणी म्हणत्यात त्या. सांभाळून उतरा म्हणत्यात." मग म्हातारीकडे वळून म्हणाली, "आमच्या कानडीत नीरु." म्हातारीने पाण्यावर हात मारला. "नीळ्ळु!" अव्वाने पदराखालचा हात काढला आणि तिनेही पाण्यावर मारला. "नीरु!" चारचौघांत तो हात बाहेर आलेला मी वर्षभराने पाहिला.

आमची सोय भागाबाईंच्या खोलीत झाली. धर्मशाळा त्या सांभाळत. दिवसाला रुपया, चूल आपली आपण मांडायची. त्यांनी अव्वाचा तळवा उलटसुलट करून बघितला.

"माय, आठ दिस हात पाण्यात घालायचा, चुलीत न्हाई. तिखट न्हाई, तेल न्हाई. मुगाची खिचडी खायची."

"मग रांधायचं कुणी?" अव्वाने विचारलं.

भागाबाईंनी अप्पांकडे बघितलं. मी पुढे झाले, तर म्हणाल्या, "तू सोबतीला ऱ्हा पाण्यात. मायचा तोल गेला तर?"

अशा रीतीने माझ्या वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा चूल पेटवली. पहिल्या दिवशीची खिचडी वर कच्ची, खाली करपलेली आणि मध्ये मीठ विसरलेली. अव्वाने ती "चांगली झाली की" म्हणत खाल्ली. चौथ्या दिवशी ती खरोखर चांगली झाली. अप्पा इतके खूश, की ती आदिलाबादच्या म्हातारीलाही वाढून आले.

दिवसाचा क्रम ठरलेला. सकाळी कुंड, देवदर्शन, खिचडी, दुपारी झाडाखाली झोप, संध्याकाळी पुन्हा कुंड. पहिल्या मिनिटाला पाणी चटका देतं, मग अंग सैल पडतं आणि बाहेर यावंसं वाटत नाही. सोबत जाडा टॉवेल घ्या, चांदीचे दागिने काढून ठेवा, नाहीतर काळे पडतात. माझ्या पैंजणांचं तेच झालं.

भेगा भरत आल्या. सहाव्या दिवशी लाली गेली. आठव्या दिवशी सकाळी अव्वाने ताटली पिशवीतून काढलीच नाही. ओल्या केसांनी पायरीवर बसली, डावा तळवा पसरला आणि लिंग त्यावर ठेवलं. बराच वेळ ती फक्त बघत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "वजन लागलं गं." मी रडले. अप्पा चुलीचा धूर लागल्याचं सांगत डोळे पुसत होते, पण चूल त्या दिवशी पेटलेली नव्हती.

कॅन भरून पाणी घेतलं आणि आल्या वाटेने परतलो. अप्पांनी वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला उनकेश्वरचा महिमा सांगितला. सोलापूरला आल्यावर गिऱ्हाइकांना सांगितला. चटणीची बरणी रिकामी होती, अव्वाने लगेच कुटायला घेतली.

तीन आठवड्यांत हात पुन्हा फुटला.

कॅनमधल्या पाण्याने काही झालं नाही. पितळेची ताटली परत निघाली. अप्पा म्हणाले, "पुन्यांदा जाऊ." मी वज्रेश्वरीचं नाव काढलं. दोन दिवसांनी अव्वाने मला विचारलं, "देवानं दिलं आनि काढून घेतलं. माझ्यातच खोट असंल का गं?" मला तिचा, देवाचा आणि त्या कुंडाचाही राग आला.

मग अव्वाला चार दिवस बहिणीकडे अक्कलकोटला जावं लागलं आणि चटणी माझ्या गळ्यात पडली. चटणीचा लसूण अव्वाच सोलायची, मला कधी हात लावू दिला नव्हता, "तू अभ्यास कर" म्हणून. मी एका बैठकीत दोन किलो लसूण सोलला. दुसऱ्या दिवशी माझा डावा अंगठा आणि दोन बोटं आग आग व्हायला लागली, तिसऱ्या दिवशी त्यांची साल निघाली. उजवा हात ठणठणीत. मी दोन्ही हात समोर धरून बसले. उजव्या हातात सुरी असते. पाकळी डाव्या हातात असते. रस सगळा तिकडे. आणि रात्री चोळायचं ते तेलही लसणाचंच! उनकेश्वरला आठ दिवस तिने लसणाला स्पर्शही केला नव्हता.

अव्वा परतल्यावर मी दोघांसमोर माझा हात धरला आणि सगळं सांगितलं. अव्वाने माझी बोटं हातात घेऊन उलटसुलट बघितली. "म्हंजे माझ्यात खोट न्हाई," ती एवढंच म्हणाली.

अप्पा मात्र चिडले. "लसणानं कुणाचा हात जातो काय? आमची आजी जल्मभर सोलत हुती. कुंडाचं पाणी खरं हाय!" जेवण अर्धं टाकून ते दुकानात जाऊन बसले. चटणी बंद करायची गोष्ट अव्वाने काढली, तर त्यावरही ओरडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेले. अप्पा पोत्यावर मांडी घालून बसले होते, मांडीवर सूप, हातात सुरी, आणि लसूण सोलत होते, अगदी हळू, एकेक पाकळी उलटीपालटी करत. अव्वा दारात येऊन उभी राहिली.

"द्या हिकडं. तुमचा हात जाईल."

"जाऊ दे की," अप्पा वर न बघता म्हणाले. "तुझ्या हाताला देव धरायचाय. माझ्या हाताला तराजू. तराजूला काय बी चालतंय."

तेव्हा, मैत्रिणी, उनकेश्वरला जरूर जा. झाडी सुंदर आहे, पाणी अंग मोकळं करतं, रस्तेही आता सुधारलेत म्हणे. आईला आठ दिवस कुठल्याच कामाला हात लावू देऊ नकोस. आणि घरी परतल्यावर ती रोज काय काय करते ते एकदा शेजारी बसून बघ. आम्ही तीन जिल्हे ओलांडले, पण ते केलं नव्हतं.

रात्रीचं तेलही बंद केल्यावर अव्वाचा हात भरून आला. तिने पुन्हा ताटली काढली नाही, आयुष्याच्या शेवटच्या सकाळपर्यंत लिंग तिच्या तळहातावर होतं. अप्पांच्या हाताला लसणाने कधी काही झालं नाही. कुणी अव्वाच्या हाताबद्दल विचारलं, की ते उनकेश्वरच्या पाण्याचा महिमा पहिल्यापासून सांगायला बसायचे, आणि सांगता सांगता लसूण सोलायचे.