चौथ्या प्रकरणातला आकडा

वासंतीबाई मोडक यांच्या घरात तीन पिढ्यांत माशाचा काटा शिरलेला नाही. पण तिसऱ्या नावाचा शिंपला ओहोटीला उघडा पडल्यावर तोंड मिटून किती तास जिवंत राहतो, हे त्या तुम्हाला दशांश चिन्हापुढच्या दोन घरांपर्यंत सांगतील. मुसलमानी कायद्यात विधवेचा वाटा मुलं असली तर एक अष्टमांश आणि नसली तर एक चतुर्थांश, हेही त्यांना पाठ आहे. लोखंडी पुलाला पहिला तडा रिव्हेटच्या भोकापाशी जातो, हे कळल्यापासून त्या जुन्या पुलावर रिक्षावाल्याला ‘जरा सावकाश घ्या’ म्हणतात. शिक्षण म्हणाल तर बी.कॉम., तेही दुसऱ्या वर्षाला सोडलेलं.

ही सगळी विद्या बोटांतून आत गेलेली. नारायण पेठेतल्या एका इमारतीत तळमजल्यावर त्यांचा ब्लॉक आहे, त्याच्या पुढच्या खोलीत त्या गेली अडतीस वर्षं लोकांचे प्रबंध टाइप करतात. आधी टाइपरायटर, मग कॉम्प्युटर. लोक पीएच.डी. होऊन मोठ्या पगारावर जातात, बाई तिथंच. ‘तुम्ही तीनशे पीएच.डी. केल्यात की काकू,’ असं कोणी लाडात म्हटलं, तर त्या म्हणायच्या, ‘हो, आणि एकाही तोंडी परीक्षेला बसले नाही. बसले असते तर तुमच्यातले निम्मे घरी गेले असते.’

यजमान गोपाळकृष्ण पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. निवृत्त झाल्यावर पंधरा दिवस त्यांनी पेपर वाचला, सोळाव्या दिवशी बायकोची एक चूक काढली आणि सतराव्या दिवशी पुढच्या खोलीत कामावर रुजू झाले.

पद्धत अशी होती. गाइडनं लाल पेनानं रंगवलेला कागद गोपाळकृष्णांच्या हातात, दुरुस्त केलेली नवी प्रिंट वासंतीबाईंच्या. त्यांनी मोठ्यानं वाचायचं, बाईंनी ओळीखाली बोट सरकवत पडताळायचं. वाचायचं म्हणजे सगळंच वाचायचं: कॉमा, फुलस्टॉप, कंस सुरू, कंस बंद. तिसऱ्यांचं शास्त्रीय नाव आलं की ‘इटालिक सुरू, मेरेट्रिक्स मेरेट्रिक्स, इटालिक बंद’ असं ते अथर्वशीर्षाच्या चालीवर म्हणत. पान जुळलं की खालच्या कोपऱ्यात पेन्सिलनं ‘गो. मो.’ एवढी दोन अक्षरं. आद्याक्षरं नाहीत, तर पान बाहेर नाही.

‘काका, स्पेलिंग कॉम्प्युटर तपासतो की हल्ली,’ हा तिसऱ्यांचा प्रबंध लिहिणारी चैताली एकदा म्हणाली.

‘तपासतो ना. मागे एका प्रबंधात एकशेवीस रुग्णांपैकी एकशेतीस बरे झाले होते. स्पेलिंग अगदी बिनचूक होतं. आपलं तपासू, की घेऊन जाताय?’

चैतालीनं तपासून घेतलं. आणि तिच्याच प्रबंधात पहिल्यांदा गडबड झाली. तिचे गाइड दोन पानं परत घेऊन आले. प्रत्येकावर लाल वर्तुळात एकेक कॉमा, भलत्याच जागी, क्रियापदाच्या ऐन तोंडाशी. मूळ कागदावर तिथं काही नव्हतं. वासंतीबाईंनी दोन्ही वाक्यं मनातल्या मनात म्हणून पाहिली आणि त्यांच्या लक्षात आलं, की गोपाळकृष्ण तिथं थांबले होते. ते थांबले म्हणून यांनी कॉमा घातला. तीस वर्षांचा संसार असा, की नवरा वाक्यात थांबला तर व्याकरणातच काहीतरी असणार, असं बाईंनी गृहीत धरलं होतं.

व्याकरणात काही नव्हतं. छातीत होतं. आठवडाभरात तपासण्या झाल्या. फुप्फुसांचा फायब्रोसिस, डॉक्टर म्हणाले. फुप्फुसं वाळक्या दोडक्यासारखी घट्ट होत जातात, मोकळी करता येत नाहीत. वर्षभरात ऑक्सिजनचं यंत्र घरात आलं आणि मधल्या खोलीत फ्रिजशेजारी घुरघुरत बसलं. त्याची नळी सात मीटर लांब. ती खुर्चीपर्यंत यायची, प्रिंटरपर्यंत यायची, रस्त्याच्या बाजूच्या कपाटाला मात्र पुरायची नाही.

‘मला दाव्याला बांधलंय,’ गोपाळकृष्ण येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. वाचन चालू राहिलं. फक्त आता दिवसाला चाळीसऐवजी बारा पानं होत.

निदानाला पंधरा महिने झाले होते, तेव्हा रुखसाना मुलाणी आल्या. कायद्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या, चाळिशीच्या, शांत बाई. त्यांचा विषय होता मरणाच्या आजारात माणसानं केलेली दानं. इस्लामी कायदा अशा दानाला मृत्युपत्रासारखं धरतो; म्हणजे वारसांची संमती नसेल तर एक तृतीयांशापलीकडे ते चालत नाही. पण मरणाचा आजार म्हणायचं कशाला? त्यावर अख्खं एक प्रकरण होतं. ते वाचता वाचता गोपाळकृष्ण थांबले. या वेळी दम लागून नव्हे.

‘थांबा हो, मुलाणीबाई. इथं म्हटलंय, आजार वर्षाच्या पुढं गेला तर तो मरणाचा आजार धरत नाहीत?’

‘पुष्कळ फकीह, म्हणजे इस्लामी कायद्याचे पंडित, तसं मानतात काका. वर्षभर तसाच राहिला, वाढला नाही, तर तो सवयीचा झाला म्हणतात. मग तो माणूस व्यवहारात चांगल्या माणसासारखाच.’

‘ऐकलंस का गं?’ गोपाळकृष्ण बायकोकडे वळले. ‘मला पंधरा महिने झाले. मी कायद्यानं ठणठणीत आहे. उद्यापासून भाजी मी आणणार.’

रुखसानाबाई हसल्या, आणि हसताना त्यांनी खाली पाहिलं. ‘वाढला नाही तर’ हे शब्द त्यांनीच लिहिलेले होते.

वासंतीबाईंनी मात्र ते वाक्य उचललं आणि पदराला गाठ मारावी तसं ठेवून दिलं. कोणी विचारलं तर त्या सांगू लागल्या, ‘वर्ष उलटलं ना आता, सवय झालीय त्यांना.’ गोपाळकृष्णांनी कधी विषय काढला, की बँकेत तुझं नाव आधी घालून घेऊ, किंवा मी नसताना हे वाचायचं काम कोण करील, तर बाई लगेच उठून कुकर बघायला जात. कुकर लावलेला नसला तरी जात. पुढं यंत्रावरचा ऑक्सिजनचा काटा दोनवरून चारवर न्यावा लागला. त्या दिवसापासून त्यांनी कायद्याचं नाव काढलं नाही; पण कुकर बघणं सोडलं नाही.

एकोणिसाव्या महिन्यात डॉ. आमोद आला. छातीच्या रोगांचा एम.डी. करणारा, डोळ्यांखाली काळं, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीतला प्रबंध त्यानं टेबलावर ठेवला आणि मधल्या खोलीतून घुरघुर ऐकून तो तसाच उभा राहिला.

‘काकू, आत कोणाला लावलंय?’

‘आमच्या यांना.’

‘कशासाठी?’

‘तुमच्या कव्हरवर जे लिहिलंय ना, त्याचसाठी.’

आमोदनं प्रबंध पुन्हा पिशवीत घातला. मग म्हणाला, ‘मी दुसरीकडे देतो.’

‘दुसरीकडे तुमच्या एकशेवीसातले एकशेतीस बरे करतील. द्या इकडे.’

‘मग एक करा. चौथं प्रकरण काकांकडून वाचून घेऊ नका. किती जण किती महिने जगले, ते आहे त्यात.’

बाईंनी मान हलवली. पहिली तीन प्रकरणं नेहमीसारखी दोघांनी वाचली. चौथं बाईंनी एकटीनं टाइप केलं, एकटीनं नजरेखालून घातलं, आणि कागद कपाटातल्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवले. जिथं नळी पोहोचत नाही. गोपाळकृष्णांच्या हातात पाचवं दिलं.

‘तीननंतर पाच?’

‘चौथं गाइडकडे अडलंय.’

‘अस्सं,’ गोपाळकृष्ण म्हणाले आणि पाचवं वाचू लागले. ज्या माणसानं छत्तीस वर्षं सरकारी फायलींतली गहाळ पानं हुडकली, त्याला हे उत्तर द्यायचं म्हणजे बाईंचं धाडसच म्हणायचं.

सोमवारी आमोद प्रिंट न्यायला येणार होता. त्या सकाळी बाई मंडईत जाऊन आल्या, स्टूल ओढून त्यावर चढल्या आणि कपाटातलं चौथं प्रकरण खाली काढलं. पहिलंच पान पाहून त्या स्टुलावरच बसल्या. खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीची दोन अक्षरं होती. गो. मो. दुसऱ्या पानावर होती, तिसऱ्यावर होती. एकवीसच्या एकवीस पानांवर. अक्षरं शेवटाकडे जरा वाकडी झाली होती, एवढंच. आणि सतराव्या पानावरच्या तक्त्यात, जिथं बाईंनी अडतीस महिने टाइप केलं होतं, तिथं तिनावर एक बारीक काट होती आणि वर लिहिलं होतं: दोन.

त्यांनी मूळ कागद काढून पाहिला. आमोदच्या अक्षरात अठ्ठावीसच होतं. निम्मे रुग्ण निदानापासून अठ्ठावीस महिन्यांच्या आत गेले होते. अडतीस वर्षांत बाईंची आकड्यात चूक झालेली नव्हती.

गोपाळकृष्ण खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. पेपर उलटा नव्हता, पण वाचतही नव्हते.

‘नळी पुरत नाही तिथवर,’ बाई म्हणाल्या.

‘काढली. तू मंडईत गेलीस की काढायची, कागद घ्यायचे, परत येऊन लावायची. ठेवायला जाताना पुन्हा तेच. सहा पावलं आहेत गं. चैतालीच्या तिसऱ्या नाही का तोंड मिटून राहत.’

‘पडला असतात म्हणजे?’

‘पडलो असतो. स्टुलावर तूही चढतेसच की, गुडघे घेऊन.’

बाई त्यांच्या खुर्चीपाशी आल्या. त्यांचं लक्ष हातातल्या पानाकडे होतं.

‘ते चुकून झालं,’ त्या म्हणाल्या.

‘माहीत आहे मला. मुद्दाम केलं असतंस तर साठ केलं असतंस. पण त्या पोराला उद्या परीक्षक विचारतील, अडतीस कुठून आणलेत. तो काय सांगणार? टाइप करणाऱ्या काकूंची इच्छा?’

बाईंना हसू आलं असतं, पण आलं नाही. त्या खाली जमिनीवरच बसल्या, त्यांच्या पायांशी, प्रिंट मांडीवर घेऊन. अठ्ठावीसातून एकोणीस वजा केले की नऊ उरतात, हा हिशेब त्यांनी प्रकरण टाइप करतानाच केला होता. बोटांनी तो मानला नव्हता.

‘आणि तू ते प्रकरण नीट वाचलंही नाहीस,’ गोपाळकृष्ण दम घेत घेत म्हणाले. ‘तो मध्य आहे. निम्मे त्याच्या अलीकडे, निम्मे पलीकडे. एक माणूस सात वर्षं जगलाय. पान एकोणीस.’

‘तुम्ही कुठल्या निम्म्यात?’

‘काटा चारवर आहे वासंती. तूच फिरवतेस तो.’

यंत्र घुरघुरत राहिलं. रस्त्यावर कोणीतरी गाडी आडवी लावली होती आणि दुसरं कोणीतरी त्याला शुद्ध भाषेत समजावत होतं.

‘आता मी सांगतो ते ऐकशील?’ गोपाळकृष्णांनी विचारलं. ‘कुकर न बघता?’

‘सांगा.’

त्यांनी सांगितलं. बँकेचं सांगितलं. तनयाला, म्हणजे मुलीला, बंगळूरहून उगाच घाईनं बोलावू नकोस, पण उशीरही करू नकोस, हे सांगितलं. हॉस्पिटलात नळ्या घालून ठेवू देऊ नकोस, हे सांगितलं. मध्ये दोनदा थांबले. बाईंनी मध्ये काही घातलं नाही. सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, ‘तीन काढ आणि दोन घाल. नवीन पान काढ. दुसरं वाचन राहिलंय, ते तू वाच, मी बघतो.’

मग वासंतीबाईंनी चौथं प्रकरण वाचलं, मोठ्यानं, सगळ्या कॉमांसकट. किती पुरुष, किती बायका, सहा महिन्यांनी किती उरले, बाराला किती, चोविसाला किती. कंस सुरू, कंस बंद. गोपाळकृष्ण ओळीखाली बोट सरकवत राहिले. सतराव्या पानाशी बाई अडल्या तेव्हा त्यांनी नुसतं ‘हं’ म्हटलं, आणि बाईंनी अठ्ठावीस वाचलं.

त्यानंतर चार महिने त्या घरात फार बोलणं झालं. शेजारीपाजारी म्हणत, आजारपणात मोडकांना कंठ फुटलाय. तनया दोनदा येऊन गेली. गोपाळकृष्ण तेविसाव्या महिन्यात गेले, म्हणजे अलीकडच्या निम्म्यात. घरीच गेले, दुपारी, यंत्र चालू असताना. ते बंद केल्यावर घर एवढं शांत झालं, की बाईंना रस्त्यावरच्या माणसांचं बोलणं शब्दन् शब्द ऐकू येऊ लागलं.

तेराव्यानंतर आठवड्यानं इंद्रजीत आला. जुन्या पुलांवर प्रबंध लिहिणारा, हडपसरच्या पलीकडच्या गावातला इंजिनिअर. त्याची पहिली तीन प्रकरणं गोपाळकृष्णांच्या हातून गेली होती. उरलेली दोन घेऊन तो दारातच घुटमळला.

‘काकू, मी नंतर येऊ का?’

‘नंतर काय होणार आहे? या.’

‘न्हाई, म्हणजे... आता वाचायला कोन हाय?’

‘तुम्ही आहात की. बसा त्या खुर्चीत. तुमचंच आहे, तुम्हीच वाचा. कॉमासकट.’

इंद्रजीत संकोचत बसला. त्यानं कागद हातात घेतला, घसा साफ केला आणि सुरू झाला. दणदणीत आवाज, रुंद छाती, शेतात हाका मारून तयार झालेली. कॉमा म्हणायचा, पण थांबायचा नाही. ओळीमागून ओळ, रिव्हेट, तडे, भार, अख्खा परिच्छेद एका दमात, आणि दम संपलेला नाहीच, पुढचा परिच्छेद सुरू. वासंतीबाईंचं बोट पहिल्याच ओळीवर राहिलं होतं. पान संपलं तेव्हा त्यानं मान वर केली.

‘जुळलं का काकू?’

‘पुन्हा पहिल्यापासून वाचा,’ त्या म्हणाल्या. ‘माझं लक्ष नव्हतं.’