बंद गाडीची डिस्क
जळक्या ब्रेकचा वास आला की मला चकलांब्यातलं एक पत्र्याचं शेड आठवतं. तेव्हा माझं मांजरसुंब्याला गॅरेज होतं आणि चकलांब्यातल्या एका बागायतदारांनी मुलाची स्पोर्ट्स कार बघायला मला बोलावलं होतं. मुलगा वर्षापूर्वी आजारपणात गेला, तेव्हापासून गाडी कुलपात होती. "कुणी हात न्हाई लावला," ते म्हणाले. "पुढच्या चाकाच्या ब्रेकची डिस्क तेवढी बघा. घासून चालंल, का बदलावी लागंल?" भर दुपार होती, तरी शेडमध्ये गारवा होता. टपावर धुळीचा थर होता, चाकांना कोळिष्टकं लागली होती. मी चाक काढलं. उभ्या गाडीची डिस्क गंजून तांबडी होते. ही आरशासारखी चकाकत होती. कडेला ताजी चीर होती आणि बोट लावलं तर चटका बसला, जळक्या ब्रेकचा वासही आला. मी म्हणालो, "चीर गेलीय काका, बदलावीच लागंल." "मग लवकर मागवा," ते शांतपणे म्हणाले, "घाट उतरताना त्यो लई उशिरा ब्रेक मारतो." नवी डिस्क आली, ती मी बसवून दिली. आजही मांजरसुंब्याच्या घाटात तो वास आला की मी गाडी बाजूला घेतो आणि मागच्याला वाट देतो, मागं कुणी नसलं तरी.