तुळशीरामकाकांचा झेड

तळोज्याच्या आमच्या कारखान्यात फाइल कुठे ठेवू विचारलं, की सगळे म्हणतात, "झेडमध्ये टाक." हा झेड ड्राइव्ह, म्हणजे सगळ्यांच्या फाइलींचा एकच कप्पा, प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर जोडून दिला तो कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या, गव्हाणच्या तुळशीरामकाकांनी. नावात तारीख नसलेली फाइल दिसली, की काका स्वतः तारीख घालत आणि वर माझ्यावर ओरडत, "सायमा, तारीख नाय तर ती फाइल कसली गो?" मला भयंकर राग यायचा. दोन वर्षांपूर्वी काका वारले. त्यांचा कॉम्प्युटर माझ्यासमोर भंगारवाल्याने नेला.

आता नवा सर्व्हर येणार, म्हणून मी एक्सेलमध्ये मॅक्रो, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, लिहिला. कुठला ड्राइव्ह नेटवर्कवरून नेमका कुठल्या कॉम्प्युटरवर जातो, ते तो शोधून देतो. बाकीचे सगळे ड्राइव्ह सर्व्हरवर निघाले. झेडपुढे मात्र काकांच्या कॉम्प्युटरचं नाव आलं.

माझंच काही चुकलं असेल म्हणून मॅक्रो तीनदा चालवला. तिन्ही वेळा तेच. वैतागून ती यादी सवयीने झेडमध्येच ठेवली, नेहमीसारखी तारीख न घालता, आणि चहाला गेले.

परत आले, तर फाइलच्या नावापुढे आजची तारीख होती.