डाव्या मडगार्डवरचं वॅक्स

रायपूर राजधानी झालं आणि शंकर नगरात गाड्या चमकवणारी दुकानं निघाली. त्यातल्या एका कारागिराचं नाव मी विचारलंच नाही. पन्नाशीचा, वर्धेकडचा माणूस. माझ्या पांढऱ्या गाडीचं जुनं वॅक्स साबणाच्या पाण्यानं उतरवून त्यानं दुधाची रिकामी प्लास्टिकची पन्नी मोज्यासारखी हातात चढवली आणि डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवू लागला. पन्नीतून बारीक खरखरही कळते म्हणे.

मी कौतुकानं सांगितलं, "आमचा पोट्टा दर रविवारी स्वतः वॅक्स लावते."

डाव्या मडगार्डवर त्याचा हात थांबला. "सगळ्या गाडीवर एक थर होता, उतरला. इथंच अजून इतके काहून?"

त्यानं पुन्हा चोळलं, तसा जरा वेगळ्याच पांढऱ्या रंगाचा वीतभर पट्टा उघडा पडला. त्यानं टिचकी मारली. बद्द आवाज आला.

"अंदर पुट्टी भरली आहे, भाऊ. जोरात ठोकली होती गाडी. तुमाले माहीत नाही?"

दिवाळीआधी आमच्याच गल्लीतल्या चौकीदाराला एक पांढरी गाडी उडवून पळाली होती. त्याचा पाय कापावा लागला. मी घरात त्या ड्रायव्हरला शिव्या घालत होतो, तेव्हा पोरगा समोर बसून जेवत होता.

कारागिरानं माझा चेहरा पाहिला, वॅक्सचा डबा उचलला आणि हळूच विचारलं, "तेवढ्यावर फिरून लावून देऊ काय?"

मी नको म्हणालो. तेवढ्यात पोराचा फोन आला.

"पापा, लेफ्ट साइड तो नहीं छेड़ी ना उसने?"