प्लास्टरच्या जाकिटात

एकोणीसशे पन्नासच्या दशकात मी ठाण्याच्या एका कचेरीत नोकरीला होतो. कंबर दुखू लागली तेव्हा वाटलं, खुर्चीमुळे असेल. मग डावा पाय बधिर होऊ लागला आणि एका सकाळी अंथरुणातून उठताच येईना. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. म्हणाले, "मणका खाल्लाय. क्षय आहे."

त्या काळी त्यावर उपाय म्हणजे प्लास्टर. काखेपासून कमरेखालपर्यंत मला ओल्या पट्ट्यांत गुंडाळलं आणि नौपाड्याच्या आमच्या दोन खोल्यांत आणून फळीवर निजवलं. कूस बदलायची तर बायकोला हाक मारायची. आत खाज सुटली की नुसते दात आवळायचे. उन्हाळ्यात माझाच वास मला सोसवेना. शेजारी दारातूनच विचारपूस करत.

ताकद यावी म्हणून कलेजी खायला सांगितली होती. आमच्याकडे मांसाहार चालायचा. बायको रोज ताजी कलेजी आणून मिरं घालून शिजवायची. "अहो, एवढं तरी संपवा." मी संपवायचो. दुखणं मात्र वाढतच होतं.

एकदा तोंड पुसताना ती थबकली. "कानाच्या कडेला हे काय हो? तांदळाची कणी अडकल्यासारखं?" ओल्या फडक्यानं चोळलं तर खडूसारखी पांढरी भुकटी निघाली.

इंजेक्शन द्यायला येणाऱ्या नौपाड्यातल्या डॉक्टरांनी ती पाहिली. "पायाचा अंगठा कधी सुजला होता?"

"दोन-तीनदा. चपलेनं असेल."

ते खुर्ची ओढून बसले. "हा क्षय नसावा. गाऊट वाटतो, वातरक्त. रक्तातला क्षार असा सांध्यांत, कानात खडूसारखा साचतो. पाठीत उतरलेला मी कधी पाहिला नाही. रक्त तपासू. आणि कलेजी आजपासून बंद. त्यानंच वाढतं."

बायको स्वयंपाकघरात गेली. तिचं रडणं मला ऐकू येत होतं. उठून तिच्याजवळ जाणं माझ्या हातात नव्हतं. "अगं, तुला कुठं ठाऊक होतं?" मी पडल्या पडल्या म्हणालो. ती बाहेर आली नाही.

रक्तातून गाऊटच निघाला. प्लास्टर कापलं, गोळ्यांनी कळ उतरली, पायात जीव आला. पाठ मात्र वाकेना ती वाकेनाच. माझ्या पायात जोडे आजही बायकोच चढवते.

आळीत गाऊट कुणाला माहीत नव्हता. लोकांच्या लेखी मी क्षयाचाच रोगी, कुणी उंबरा ओलांडेना. शेवटी आम्ही डोंबिवलीला बिऱ्हाड हलवलं. तिथे कुणी पाठीचं विचारलं की बायको सांगायची, "हे पडले होते."