समासातली गाणी

वन्सं गेल्या ते मला तासाभराने कळलं. आमच्या दोघींच्या मध्ये तेव्हा एक भिंत होती. भिंतीच्या या बाजूला मी दार लावून नव्या कादंबरीचं सातवं प्रकरण लिहीत होते आणि त्या बाजूला माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, जिच्यासोबत मी एका घरात चौदा वर्षं काढली, ती शेवटचे श्वास घेत होती. सकाळी सात ते दहा माझ्या दारावर कुणी टकटक करायची नाही, हा आमच्याकडचा नियम. वन्संची देखभाल करायला येणाऱ्या सुगंधाला मी तो पहिल्याच दिवशी सांगून ठेवला होता. विनायक, माझा नवरा, फवारणीसाठी आंब्याच्या बागेत गेलेला. तिथे रेंज नसते. सुगंधाने त्याला तीन-चारदा फोन लावून पाहिला होता. दहा वाजता मी चहा करायला बाहेर आले तर ती माझ्या दाराशीच जमिनीवर बसलेली. म्हणाली, "मी दोन बारी आले दारापर्यंत. पन तुमी बोलला होतात…" पुढचं तिला बोलवलं नाही. तिला हाताला धरून उठवलं आणि मी वन्संच्या खोलीत गेले.

येणारे-जाणारे म्हणाले, झोपेत गेल्या, सुटल्या. मी मान हलवत राहिले. पण त्या नियमाचा जाच सुगंधाच्या कितीतरी आधी खुद्द वन्संनी सोसला होता, आणि हे मी अजून कुणाजवळ बोलले नाही. विनायकजवळही नाही. आज सहा आठवडे झाले. लिहिण्याखेरीज मला दुसरं काही येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

वन्सं मूळच्या गुहागरच्या, म्हणजे माझ्या सासरच्याच घरातल्या. लग्न केलं नाही. मालगुंडकडच्या एका प्राथमिक शाळेत त्यांनी सगळी नोकरी काढली आणि निवृत्त झाल्यावर आमच्याकडे रत्नागिरीला राहायला आल्या. एक ट्रंक आणि लोणच्याच्या दोन बरण्या, एवढंच सामान. पण त्यांच्या डोक्यात किती गाणी होती याची मोजदाद नव्हती. लहानपणी त्यांच्या आळीत एकाच घरी रेडिओ होता, आणि त्या घरच्या खिडकीखाली कोकमं सोलायच्या निमित्ताने या जाऊन बसायच्या. तिथे ऐकलेलं घरी कामं करताना म्हणायच्या, त्यामुळे प्रत्येक गाण्याला एक काम चिकटलेलं असे. एक गाणं सोलं वाळत घालतानाचं, एक फणसाचे गरे काढतानाचं, तर एक वडिलांना ताप आला होता तेव्हा कपाळावर घड्या बदलतानाचं. तांदूळ निवडायला बसल्या की त्यांच्याही नकळत त्या गुणगुणायला लागायच्या. आवाज मोठा नव्हता, पण सुरात पक्का. पहिल्या वर्षी मला ते फार आवडायचं. मीही तेव्हा शाळेत शिकवायचे, दमून यायचे, चहाचा कप घेऊन त्यांच्याजवळ बसायचे, आणि त्या एकेका गाण्याची हकिकत सांगायच्या.

त्यातलीच एक हकिकत अशी. गावच्या उत्सवात दरवर्षी नाटक व्हायचं. तिथल्याच एका मास्तरांनी लिहिलेलं, पदंसुद्धा त्यांचीच. नायिकेचं काम करणाऱ्या बाप्याचा घसा ऐन प्रयोगाच्या दिवशी बसला. वन्संना तालमी ऐकून सगळी पदं पाठ होती. चौदा वर्षांच्या होत्या. मास्तरांनी त्यांना बाजूच्या पडद्यामागे उभं केलं, त्या गायल्या आणि तो पुढे नुसते ओठ हलवत राहिला. लोकांनी एक पद तीन वेळा म्हणायला लावलं. दुसऱ्या दिवशी गावभर त्या बाप्याच्या गळ्याचं कौतुक. घरी मात्र खरं काय ते कळलं आणि पुढच्या वर्षापासून वन्संचं तालमींना जाणं बंद झालं. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात तक्रार नसे. उलट तो बाप्या कुठल्या ओळीला ओठ हलवायचा विसरला, ते आठवून त्या हसायच्या.

मी शाळेची नोकरी सोडली ती कादंबरी लिहायची म्हणून. वन्संनी आपणहून स्वयंपाकघर हातात घेतलं. "तू लिही गो, मला काय काम आहे," असं म्हणाल्या. मिक्सर दहानंतर, कुकर दहानंतर, नारळ खवणंही दहानंतर, हे सगळं त्यांनीच ठरवलं. मी एवढ्यावर समाधानी असायला हवं होतं. एका सकाळी माझं तिसरं प्रकरण अडून बसलं होतं. चार दिवस एकच पान मी फाडत होते. बाहेर वन्सं ताकाला रवी लावून बसल्या होत्या आणि गुणगुणत होत्या. मी उठले, दार उघडलं आणि म्हणाले, "वन्सं, तेवढं गाणं राहू द्याल का? मला सुचत नाही." आवाज चढवला नव्हता मी. चढवला असता तर निदान नंतर माफी मागितली असती. त्यांनी रवी थांबवली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "राहील की."

आणि राहिलं. दहानंतरसुद्धा राहिलं. संध्याकाळीही. मला वाटलं होतं, हे प्रकरण संपेपर्यंतचं आहे. पुढे वाटलं, कादंबरी संपेपर्यंत. कादंबरी संपली, छापून आली, दुसरी सुरू झाली आणि "वन्सं, आता गा" हे म्हणायचं माझ्याकडून राहून गेलं. राहून गेलं असं म्हणते, पण खरं म्हणजे ती शांतता मला सोयीची झाली होती. एका मुलाखतीत मी सांगितलं होतं की आमचं घर मुळातच शांत आहे. ती छापून आली तेव्हा वन्संनी ती चष्मा लावून पूर्ण वाचली आणि कागद घडी करून माझ्या टेबलावर ठेवला.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. माझी जी कादंबरी लोकांना सगळ्यात आवडली, ती पडद्यामागून गाणाऱ्या एका मुलीची आहे. वन्संना मी विचारलं नाही. गोष्टीत गाव बदललं, नाव बदललं, शेवटी ती म्हातारपणी भर सभेत उभी राहून गाते असं केलं, आणि मनाची समजूत घातली की आता ही माझी गोष्ट झाली. पुस्तकाची मुद्रितं नेहमीप्रमाणे वन्संनीच तपासली. शाळामास्तरणीची नजर, एक वेलांटी सुटायची नाही. शेवटचा गठ्ठा परत देताना एवढंच म्हणाल्या, "तो पडदा हिरवा होता गो. तू निळा लिहिलायस." मी निळाच ठेवला. वाक्यात तो बरा वाटत होता.

प्रकाशनाचा कार्यक्रम इथल्याच एका सभागृहात झाला. वन्सं पहिल्या रांगेत होत्या. भाषणं झाल्यावर गुहागरकडचे एक वयस्कर गृहस्थ पुढे आले, त्यांनी वन्संना ओळखलं आणि माइकवर जाऊन म्हणाले की या बाईंचा गळा आम्ही लहानपणी ऐकलेला आहे, आज त्यांनी एखादं पद म्हणावं. सभागृहात टाळ्या पडल्या. वन्सं खुर्चीच्या हातांवर तळवे टेकून किंचित उठल्या होत्या… हे मी व्यासपीठावरून स्पष्ट पाहिलं. आणि माझ्या मनात आलं, या आता गायल्या तर सगळ्यांना कळेल गोष्ट कुणाची आहे. मी माइक ओढून घेतला आणि हसत म्हणाले, "वन्संनी गाणं केव्हाच सोडलंय." त्या परत टेकून बसल्या. घरी येताना रिक्षात त्यांनी माझ्या हारातली फुलं सारखी केली आणि कार्यक्रम छान झाला म्हणाल्या.

गेल्या पावसाळ्याअखेर त्यांना झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. कळत सगळं होतं, शब्द तेवढे येत नव्हते. पाणी हवं असलं तरी "ते… ते…" म्हणून थांबायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. रुग्णालयात वाचा-उपचार करणारी एक तरुण मुलगी यायची. तिने मला समजावून सांगितलं की बोलणं गेलं तरी कधी कधी गाणं शाबूत राहतं, सुराबरोबर शब्द परत येतात. म्हणाली, "यांचं आवडतं एखादं गाणं तुम्ही सुरू करून द्या. त्या मागून येतात का बघू."

मी वन्संच्या उशाशी बसले. त्या माझ्याकडे बघत होत्या. आणि मला एकही गाणं आठवेना. गाण्यामागचं काम आठवत होतं, खिडकी आठवत होती, तो ओठ हलवणारा बाप्या आठवत होता. त्या गाण्यांवर मी तीनशे पानं लिहिली होती. पण सलग दोन ओळी मला येत नव्हत्या, चाल तर नाहीच. ती मुलगी थांबून राहिली, मग म्हणाली, "असू दे, उद्या करू." वन्संनी डाव्या हाताने माझा हात थोपटला. मला ते सहन झालं नाही. डबा धुवायच्या निमित्ताने मी उठले.

दोन दिवसांनी डबा घेऊन खोलीशी पोचले तर आतून गाणं ऐकू आलं. कॉटशेजारच्या स्टुलावर यमुनाबाई बसल्या होत्या. या इथल्या मांडवीच्या, किनाऱ्याजवळच्या वस्तीतल्या. पूर्वी आमच्याकडे मासळी घेऊन यायच्या, गुडघे गेल्यापासून येणं बंद झालं होतं. सुनेला घेऊन रिक्षाने आल्या होत्या. त्या गात होत्या आणि त्यांच्या मागून, वाकड्या झालेल्या ओठांतून, वन्सं गात होत्या. शब्द स्पष्ट होते. "पैलतिरीचा दिवा दिसे पण वारा तिकडे नेईना…" गुहागरच्या त्या मास्तरांचं पद. जगात कुठे छापलेलं नाही, आणि ते यमुनाबाईंना येत होतं. मी दाराबाहेरच उभी राहिले. आत गेले असते तर त्या थांबल्या असत्या, अशी मला भीती वाटली. अकरा वर्षांनी मी वन्संचा आवाज ऐकत होते, तोही चोरून.

घरी आणल्यावर त्या अडीच महिने होत्या. यमुनाबाईंना एवढ्या लांब रिक्षाने पुन्हा येणं जमणारं नव्हतं, त्यामुळे त्या पुन्हा आल्या नाहीत. मी त्यांना गाडी पाठवू शकले असते. नव्या कादंबरीत गुंतले होते. बाकी तुम्हाला सांगितलंच आहे.

तेरावं झाल्यावर वन्संच्या दोन साड्या घेऊन मी यमुनाबाईंकडे गेले. त्या ओटीवर पाय पसरून बसल्या होत्या. त्यांनी साड्या मांडीवर घेतल्या. मग त्यांच्याकडून कळलं की वन्सं दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी त्यांच्याकडे यायच्या. त्या वेळी मी दारामागे असायचे आणि त्या बाजारात गेल्या असं समजायचे. इतकी वर्षं. गुडघ्यांमुळे यमुनाबाई घरात अडकल्या म्हणून सुरुवातीला सोबतीला, मग गाण्यासाठी, आणि नंतर वाचायला. यमुनाबाईंना अक्षरओळख नाही. वन्संनी त्यांना माझी ती कादंबरी अथपासून इतिपर्यंत तीन वेळा वाचून दाखवली होती.

"तुमच्या पुस्तकातली गानी लय चांगली," यमुनाबाई म्हणाल्या. "माजी सगली पाट झाली."

मी म्हणणार होते की त्या पुस्तकात गाणी नाहीत. मी कुठेही गाण्याचे शब्द दिलेले नाहीत, 'ती गायली' एवढंच लिहून पुढे गेले आहे. पण त्यांनी सुनेला हाक मारून कपाटातून पुस्तक आणायला सांगितलं. वन्संची प्रत. ती त्यांनी इथेच ठेवलेली होती. मी उघडली. जिथे जिथे 'ती गायली' असं छापलं होतं, तिथे तिथे शेजारच्या समासात शिसपेन्सिलीने, शाळेतल्या फळ्यावर काढावं तशा वळणदार अक्षरात, अख्खं गाणं लिहिलेलं. श्वास कुठे घ्यायचा तिथे बारीक रेघ. एके ठिकाणी 'ही ओळ दोनदा'. वन्संनी मला माझ्या पुस्तकातल्या वेलांट्या दुरुस्त करून दिल्या होत्या. हेही त्यांनी करून ठेवलं होतं, फक्त मला दाखवलं नव्हतं. मी दाखवण्यासारखी होते का…

आता मंगळवारी मी मांडवीला जाते. सकाळीच जाते. लिहिणं बंद आहे, आणि त्याचं मला विशेष काही वाटत नाही. यमुनाबाईंना मी कादंबरी वाचून दाखवते. पेन्सिलीची खूण आली की थांबते आणि त्या गातात. मी समासातले शब्द मनातल्या मनात त्यांच्यामागून म्हणते.

गेल्या मंगळवारी आम्ही शेवटच्या पानापाशी आलो, जिथे ती म्हातारी भर सभेत उभी राहून गाते. त्या पानाचा समास कोरा आहे. मी यमुनाबाईंना विचारलं, इथे वन्सं काय म्हणायच्या? त्या म्हणाल्या, दर बारीला निराळं. वाचता वाचता तिथवर पोचल्या की पुस्तक मिटायच्या आणि त्या दिवशी जे मनात येईल ते गायच्या.

"आता वाचनारी तुमी. तर तुमीच म्हना," त्या म्हणाल्या.

मला येत नाही, मी म्हटलं.

"मग ऱ्हाव दे. येईल तवा म्हना," यमुनाबाई म्हणाल्या, आणि पाय चोळत बसल्या. मी पुस्तक मिटून त्यांच्याजवळ ठेवलं. ते शेवटचं पान आम्ही अजून वाचलेलं नाही.